पडद्याआड राहिलेले आपले बोलपट



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती असतात, भजने असतात, सहलीची हकिगत असते. यंदा चिटणीसबाईंनी आग्रह धरला की काही इतिहासाचे लिहा. मी पडले सातवी शिकलेली. गडकिल्ल्यांचा किंवा पेशवाईचा इतिहास सांगणे हे माझे काम नव्हे. परंतु बोलपटांची आवड मला लहानपणापासून आहे. दुपारी मागची आवराआवर झाली की मी जुने बोलपट पाहते आणि त्यांच्याविषयी जे हाती लागेल ते वाचते. तेव्हा ज्यातले मला थोडेफार कळते त्याचाच इतिहास लिहावा असे ठरवले.

आता कोणी म्हणेल, बोलपटांचा कसला इतिहास? पण जरा विचार करा. आपल्या आज्या-पणज्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. त्यांना काय सोसावे लागले, त्या कशाला हसल्या, कोणत्या गोष्टीवर त्यांनी प्रथम 'नाही' म्हटले, हे कुठे लिहून ठेवलेले नाही. ते थोडेसे राहिले आहे जुन्या बोलपटांत. 'संत तुकाराम' आणि 'श्यामची आई' आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, त्यांची थोरवी मी नव्याने काय सांगू? मला सांगायचे आहे ते ह्यांच्या मागच्या रांगेत बसलेल्या बोलपटांविषयी. त्यांची नावे कानावरून गेलेली असतात, पण ते पाहिलेली बाई दहा घरांत एखादीच सापडते. ते आपण पाहावेत, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम अगदी मुळापासून सुरुवात करते.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला, हे मुलांच्या पुस्तकातही असते. पण त्यामागे सरस्वतीबाई फाळके होत्या, हे किती जणींना ठाऊक आहे? नवऱ्याने चालता धंदा सोडला आणि ह्या नव्या वेडात विम्याचा कागदही गहाण टाकला. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्या काळी कच्च्या फिल्मला कडेची भोके घरीच पाडावी लागत. ते काम अंधारात करायचे. सरस्वतीबाई दिवसा कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक करीत आणि रात्री अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोके पाडीत. फिल्म धुण्याची रसायनेही त्या तयार करायला शिकल्या. पडद्यावर त्यांचे नाव नव्हते. हिंदुस्थानातल्या चित्रपटाची पहिली कामगार बाई म्हणून त्यांचे नाव घ्यायला हवे असे मला वाटते.

त्या चित्रपटात तारामती कोण झाले होते? अण्णा साळुंखे नावाचे गृहस्थ. एका उपाहारगृहात ते स्वयंपाकी होते. पडद्यावर यायला एकही बाई तयार होईना म्हणून दादासाहेबांनी त्यांना लुगडे नेसवले. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये ह्याच साळुंख्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. आज आपल्याला हसू येते, पण ती गोष्ट हसण्यासारखी नाही. नाटकसिनेमात काम करणारी बाई म्हणजे वाया गेलेली, असा समज त्या काळी पक्का होता.

तो समज मोडायला दोघी मायलेकी पुढे आल्या. १९१३ सालीच फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला. हीच पुढे कमलाबाई गोखले म्हणून रंगभूमीवर नावाजली. नट चंद्रकांत गोखले हे त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू. फिरत्या नाटक कंपनीत कामे करून पोट भरणाऱ्या ह्या दोघी हिंदुस्थानी चित्रपटसृष्टीच्या पहिल्या स्त्रिया ठरल्या. कमलाबाईंचे वय तेव्हा अवघे तेरा-चौदा.

पुढे १९१९ सालच्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्णाचे काम फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने केले. बापयांनी सीता व्हायचे ते दिवस मागे पडत चालले होते, आणि इकडे मुलगी कृष्ण झाली! हा चित्रपट बराचसा शिल्लक आहे. मूकपट आहे, म्हणजे त्यात बोलणे नाही. पण ती पोरगी काय गोड दिसते आणि कसल्या खोड्या करते! नातवंडांना घेऊन पाहावा असा हा चित्रपट आहे. भाषेची अडचण नाही, चार वर्षांच्या मुलालाही कळतो.

'बराचसा शिल्लक आहे' असे मी म्हटले, त्याचे कारण सांगते. आपल्याकडे मूकपट शेकड्यांनी निघाले, त्यांतले फारच थोडे आज उरले आहेत. 'राजा हरिश्चंद्र'चासुद्धा थोडासाच भाग उरला आहे. जुनी फिल्म ज्या पदार्थाची असे तो भराभर पेट घेणारा. उन्हाळ्यात, दमट हवेत ती आपोआप खराब होई. शिवाय त्या फिल्मवर चांदीचा अंश असतो. बोलपट आल्यावर मूकपटांना कोणी विचारीना, तेव्हा चांदी काढून घेण्यासाठी रिळेच्या रिळे विकली गेली. घरातली जुनी जरीची पैठणी जाळून तिची चांदी काढावी, तसा हा प्रकार झाला. १९३१ चा 'आलम आरा' हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट. त्याचीही एक प्रत आज मिळत नाही.

ह्या नुकसानीत मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती 'सावकारी पाश'ची. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बाबूराव पेंटरांनी तो १९२५ साली काढला. गोष्ट नारायण हरि आपट्यांची. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या चित्रपटांच्या त्या काळात पेंटरांनी एका साध्या शेतकऱ्याची गोष्ट घेतली. सावकाराच्या कागदात अडकून त्याची जमीन जाते आणि त्याला शहरात मजुरीला जावे लागते. त्या शेतकऱ्याचे काम तरुण व्ही. शांतारामांनी केले होते. १९३६ साली पेंटरांनी ह्याच गोष्टीचा बोलपटही काढला. पण तो मूळ मूकपट गेला तो गेलाच. आपल्यापैकी कितीतरी जणींची घरे अशीच जमीन सोडून शहरात आली आहेत. आपल्याच घरची गोष्ट पडद्यावर आली होती आणि ती आपल्याला आता कधीच पाहायला मिळणार नाही, ही गोष्ट मनाला लागते.

असो. गेले त्याचा शोक करून काय मिळणार? जे उरले आहे त्याच्याकडे वळू.

कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी निघाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. १९३३ साली कंपनी पुण्यास आली. प्रभातची निशाणी आठवते ना? तुतारी फुंकणारी स्त्री. ती निशाणी नुसती शोभेची नव्हती असे मला तिचे बोलपट पाहून वाटू लागले आहे.

प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट. तो १९३२ च्या फेब्रुवारीत लागला. त्यात तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. चांगल्या घराण्यातल्या, इंग्रजी शिकलेल्या आणि दोन मुलांच्या आई. आदल्याच वर्षी एका चित्रपटात छोटेसे काम केले म्हणून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला होता. तरी त्या पुन्हा उभ्या राहिल्या. हिशेब करून पाहा. १९१३ साली तारामतीसाठी स्वयंपाक्याला लुगडे नेसवावे लागले, आणि एकोणीस वर्षांनी घरंदाज बाई तारामती म्हणून पडद्यावर उभी राहिली. त्यानंतर सुशिक्षित घरांतल्या मुलींना ही वाट थोडी मोकळी झाली. १९८३ सालचे दादासाहेब फाळके पारितोषिक दुर्गाबाईंना मिळाले.

ह्याच दुर्गाबाईंचा १९३६ चा 'अमरज्योती' मात्र आज कोणी काढत नाही. तो हिंदी आहे, पण समजायला अवघड नाही. त्यातली सौदामिनी दरबारात आपल्या मुलाचा ताबा मागायला जाते. कायदा म्हणतो, मुलावर हक्क बापाचा, आईचा नाही. तेव्हा ही बाई राज्याविरुद्ध उठते आणि समुद्रावरची लुटारू बनते. बाई जहाजावर उभी राहून हुकूम देते आहे, असे चित्र १९३६ साली! गोष्ट जुन्या राजदरबाराची आणि कल्पनेतली आहे, पण आईचे दुःख काल्पनिक नाही. कोर्टात मुलाच्या ताब्यासाठी खेटे घालणारी एखादी ओळखीची मुलगी आजही आपल्याला आठवेल. म्हणून हा बोलपट पाहावा.

आता ज्याच्यासाठी मी हा लेख मुख्यतः लिहिला त्या 'कुंकू'कडे येते.

'कुंकू' १९३७ चा. दिग्दर्शक शांताराम आणि मूळ कादंबरी पुन्हा नारायण हरि आपट्यांचीच, 'न पटणारी गोष्ट'. हिंदीत हाच बोलपट 'दुनिया न माने' नावाने निघाला. नीरा ही मामाकडे वाढलेली पोरकी मुलगी. तिला फसवून एका वयस्क विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतात. काकासाहेबांना तिच्यापेक्षा मोठी मुले आहेत. नीरा घरात येते, काम करते, पण ह्या लग्नाला लग्न मानायला साफ नकार देते. ती पळून जात नाही, विहीर जवळ करीत नाही आणि कोणाला शिव्याशापही देत नाही. दुःख सोसेन, पण अन्याय सोसणार नाही, असा तिचा बाणा आहे. सावत्र मुलगा तिच्याकडे वाईट नजरेने पाहतो, त्याला ती छडीने चांगला धडा शिकवते. शेवटी काकासाहेबांनाच आपला अन्याय उमगतो आणि ते तिला मोकळी करतात. कसे, ते मी सांगत नाही, ते प्रत्यक्षच पाहावे.

शांताबाई आपट्यांची नीरा पाहताना पदर तोंडाशी न्यावा लागतो, तो रडण्यासाठी थोडा आणि अभिमानाने जास्त. केशवराव दात्यांचे काकासाहेबही नुसते दुष्ट नाहीत. मिशांना कलप लावून आरशात पाहणारा तो म्हातारा हास्यास्पद वाटतो, आणि पुढे त्याचीच कीव येते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवून पाहा. ह्या बोलपटात प्रसंगाच्या मागे वाद्यांचे संगीत वाजवलेले नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, भांड्यांचे आवाज, दारांचे आवाज हेच तिथे संगीताचे काम करतात. आपल्या रोजच्या घरातले आवाज! त्यामुळे नव्वदीच्या घरात गेलेला हा बोलपट शेजारच्या खोलीत चालल्यासारखा वाटतो.

काकासाहेबांच्या मुलीचे काम शकुंतला परांजपे ह्यांनी केले आहे. त्या रँग्लर परांजप्यांच्या कन्या आणि सई परांजप्यांच्या आई. संततिनियमनाचे नाव काढले तरी लोक कानावर हात ठेवीत, त्या काळात त्यांनी ते काम घरोघर नेले. १९६४ पासून सहा वर्षे त्या राज्यसभेत होत्या आणि १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पडद्यावर ही मुलगी सावत्र आईची बाजू घेते. वयाने मोठी मुलगी आणि लहान आई, पण दोघी एकमेकींच्या वैरिणी होत नाहीत. सासू-सुनांची आणि सवतींची भांडणे रोज संध्याकाळी पाहणाऱ्या आपल्याला हे पाहून बरे वाटेल.

आणि शांताबाई आपटे स्वतः कशा होत्या? १९३९ साली करारावरून कंपनीशी मतभेद झाले, तेव्हा त्या प्रभातच्याच दाराशी उपोषणाला बसल्या. १९४० साली त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' नावाचे पुस्तक लिहून ह्या धंद्यात मुलींनी काय पाहून पाऊल टाकावे ते सांगितले. नीरा त्यांना शिकवावी लागली नसेल.

मागच्या श्रावणात आम्ही पाच-सहाजणींनी एकीच्या घरी बसून 'कुंकू' पाहिला. सुरुवातीला कुजबुज झाली, की चित्र फार पुसट आहे, आवाज खरखरतो. अर्ध्या तासात सगळ्या गप्प. संपल्यावर कोणीच उठेना. आमच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या आजींनी ऐंशी केव्हाच ओलांडली आहे. त्या म्हणाल्या, "माझी मोठी आत्या अशीच दुजवराला दिली होती. तिच्या घरात तिच्याहून मोठी मुलं. तिला कुणी विचारलं नाही आणि तीही कधी बोलली नाही. आम्ही तिला कजाग म्हणायचो." इतक्या वर्षांत आजींच्या तोंडून त्या आत्याचे नाव आम्ही कधी ऐकले नव्हते. त्या दिवशी त्यांनी तासभर तिच्याविषयी सांगितले. तिची सून तिथेच बसली होती, तिलाही हे सारे नवीनच होते. एका जुन्या बोलपटाने घरातली विसरलेली बाई घरात परत आणली. जुने बोलपट कशासाठी पाहायचे, असे मला कोणी विचारले तर मी हेच उत्तर देईन.

'कुंकू'नंतर दोन वर्षांनी, १९३९ साली, शांतारामांनी 'माणूस' काढला. शाहू मोडक त्यात पोलीस शिपाई आहेत आणि शांताबाई हुबळीकर मैना नावाची वेश्या. शिपाई तिला त्या वस्तीतून बाहेर काढून आपल्या आईकडे न्यायला निघतो. मैनेला ते सुख हवेहवेसे वाटते आणि त्याची भीतीही वाटते. प्रेमभंग झाला की दारू पिऊन मरायचे, असे नायक त्या काळी फार गाजत होते. 'माणूस' सांगतो की प्रेम गमावले तरी माणसाने आपले काम करीत जगावे. विषय वेश्येचा म्हणून बायकांनी पाहू नये असे कोणी म्हणेल. मी तर म्हणते, बायकांनीच पाहावा. त्या बाईकडे शांतारामांनी आदराने पाहिले आहे. तेवढा आदर पुष्कळ नव्या चित्रपटांतून घरच्या बाईच्याही वाट्याला येत नाही.

१९४१ चा 'शेजारी' तर आपल्या वाडीतल्या प्रत्येक घराने पाहावा. कथा विश्राम बेडेकरांची. जीवबा आणि मिर्झा हे एका गावचे दोन जिवलग शेजारी, एक हिंदू आणि एक मुसलमान. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार ह्यांनी ती कामे केली आहेत. गावात धरण बांधायचे ठरते, कंत्राटदाराला जमीन हवी असते, आणि तो गोड बोलून दोन घरांत विष कालवतो. फाळणी १९४७ ची. हा बोलपट तिच्या सहा वर्षे आधीचा आहे. भांडण कोण लावतो, कशासाठी लावतो आणि त्यात मरतो कोण, हे त्यात इतके सरळ दाखवले आहे की लहान मुलालाही कळावे. नळावरच्या भांडणापासून मोठ्या दंगलीपर्यंत हेच होत असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता स्वातंत्र्यानंतरचे काही.

आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच अत्र्यांनी लगेच पुढे, १९५४ साली, 'महात्मा फुले' काढला. त्यालाही राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. पण पहिल्याच्या उजेडात दुसरा झाकला गेला. जोतीराव झाले होते बाबूराव पेंढारकर आणि सावित्रीबाई सुलोचनाबाई. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली म्हणून मी सातवीपर्यंत तरी गेले. आपण तीन जानेवारीला सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालतो. त्याच संध्याकाळी हा बोलपट लावला तर त्या हाराला अर्थ येईल.

१९६१ सालचे दोन चित्रपट सांगते. पहिला अनंत मान्यांचा 'मानिनी'. कथा महादेवशास्त्री जोशांची, नायिका जयश्री गडकर. श्रीमंत माहेर आणि गरीब सासर ह्यांच्यामध्ये स्वाभिमान जपणाऱ्या लेकीची ही गोष्ट आहे. माहेरच्या कार्यात मानपानाच्या वेळी मनाला कसे टोचते, हे बाईशिवाय कोणाला कळणार? पण ह्या चित्रपटाचे आणखी मोठे महत्त्व असे की बहिणाबाई चौधरींची गाणी त्यात घेतली आहेत. ज्या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हते आणि जिच्या ओव्या ती गेल्यावर, १९५२ साली, पुस्तकात आल्या, तिचे शब्द नऊ वर्षांनी पडद्यावरून घरोघर गेले.

दुसरा 'प्रपंच'. एका कुंभाराच्या घरची ही गोष्ट. मिळकत थोडी, मुले फार, आणि कर्ज चढत जाणारे. शाहीर अमर शेख आणि सुलोचनाबाई ह्यांनी त्यात नवरा-बायकोची कामे केली आहेत. मुलांवर जीव आहे, पण त्यांच्या पोटात घालायला काही नाही, ह्याची तगमग सुलोचनाबाईंच्या नुसत्या चेहऱ्यावर वाचावी. कुटुंब लहान असावे असा उपदेश सरकारी फलकांवरून आपण पुष्कळ वाचला. तो ज्यांना कळला नसेल त्यांना हा चित्रपट शब्दाविना कळवतो.

अलीकडचेही काही सांगितले पाहिजे, नाहीतर जुने तेच सोने म्हणणारी बाई असा माझ्यावर आरोप यायचा. पुण्याच्या सुमित्रा भावे समाजकार्य शिकलेल्या. गरीब वस्तीतल्या बायकांचे जिणे कागदावर लिहिले तर ते त्याच बायकांना वाचता येणार नाही, म्हणून त्या चित्रपटाकडे वळल्या. १९८५ चा 'बाई' हा त्यांचा पहिला लघुपट झोपडपट्टीत राहणाऱ्या एका बाईचा आहे. पुढे सुनील सुकथनकरांबरोबर त्यांनी पुष्कळ चित्रपट केले. त्यांतला १९९५ चा 'दोघी' मला सर्वांत जवळचा वाटतो. खेड्यातल्या दोन बहिणींची ती गोष्ट. लग्नाच्या दिवशीच थोरलीवर घाला येतो. पुढे घर जगवण्यासाठी तिला मुंबईस पाठवतात. तिने कसे पैसे मिळवले हे सर्वांना ठाऊक असते. पैसे सर्वांना चालतात, ती मात्र चालत नाही. उत्तरा बावकर त्यात आई झाल्या आहेत. आईचा राग येतो आणि आईची दयाही येते. २०२१ साली सुमित्राबाई गेल्या. त्यांचे नाव आपल्या मंडळात घेतले गेलेले मी ऐकले नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

हे चित्रपट मागे का पडले? ते वाईट होते म्हणून नव्हे. 'कुंकू' तर त्या काळी गाजला होता. पण गाजलेली वस्तूसुद्धा कोणी मागितली नाही तर फडताळाच्या तळाशी जाते. थिएटरवाला नवे लावतो, दूरदर्शन संचावर मालिका लागतात, आणि आपण म्हणतो, जे समोर येईल ते पाहू.

सुदैवाने, हे जपणारी माणसेही झाली. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. प्रभातच्या आवारात तेव्हा सरकारची चित्रपट शिक्षणसंस्था उभी राहिली होती. पी. के. नायर नावाचे केरळचे गृहस्थ ह्या संग्रहालयात आले. ते गावोगाव फिरून जुनी रिळे गोळा करीत. फाळक्यांचे जे काही आज पाहायला मिळते त्याचे मोठे श्रेय त्यांना आहे. परका माणूस आपला ठेवा सांभाळतो आणि आपण त्याचे नावही घेत नाही, हे बरे नव्हे. एवढे जपूनही २००३ च्या जानेवारीत पुण्यातल्या त्या आवारात आग लागली. जुन्या जातीच्या फिल्मची कितीतरी रिळे जळाली, त्यांत प्रभातच्या मूळ फिल्मही होत्या. ज्यांच्या प्रती आधी करून ठेवल्या होत्या ते चित्रपट वाचले. दुसरी प्रत असली तर वस्तू वाचते, हा त्यातला धडा. आणि दुसरी प्रत कोणी करतो ती कोणीतरी पाहणारे असेल तरच.

तेव्हा माझी मंडळाला सूचना अशी. महिन्यातून एकदा, भजनाचा वार सोडून, एक जुना बोलपट पाहावा. प्रभातचे पुष्कळसे बोलपट आता मुलांच्या मोबाईलवरून मोठ्या पडद्याच्या टीव्हीवर लावता येतात, खर्च काही नाही. आरंभ 'कुंकू'ने करावा, मग 'शेजारी', मग 'मानिनी'. 'दोघी'च्या वेळी मोठ्या मुलींनाही बोलवावे. सुरू होण्याआधी एकीने पाच मिनिटे माहिती सांगावी आणि संपल्यावर चहा होईपर्यंत बोलावे. कोणाला काय आठवले ते एका वहीत लिहून ठेवावे. पुढची स्मरणिका त्यातूनच भरेल.

आणखी एक. पूर्वी थिएटरच्या दारात बोलपटाच्या गाण्यांची छोटी पुस्तके विकत मिळत. कोणाच्या माळ्यावर, सासूबाईंच्या ट्रंकेत अशी पुस्तके, जाहिरातींचे कागद किंवा फोटो असतील तर ते रद्दीत घालू नका. संग्रहालयाला अशा वस्तूंचेही मोल असते.

कोणी म्हणेल, जुने बोलपट संथ असतात. असतात. आपली पुरणपोळीही संथच असते, पुरण घाईने शिजत नाही. अर्धा तास धीर धरा, मग बोलपट स्वतःच तुम्हाला धरून ठेवील.

सरस्वतीबाईंनी अंधारात बसून भोके पाडली तेव्हा कुठे पहिला चित्रपट हलला. आपल्याला तर नुसते उजेडात बसून पाहायचे आहे. येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत 'कुंकू' लावायचे मी चिटणीसबाईंना विचारून ठेवले आहे. त्यांनी होकार दिला आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना अवश्य आणावे. त्यांना खाली बसवत नसेल तर खुर्च्यांची सोय करू.